थंडी, धाव आणि एक कादंबरी

वाचकहो, पळणे हा काही शेतकऱ्याचा छंद नव्हे. शेतकरी पळतो तो कारण असेल तेव्हाच. बैलाने दावे तोडले, पाण्याचा पाट फुटला, खळ्यावर धान्य उघडे असताना आभाळ भरून आले, की तो पळतो. कादंबरीचेही तसेच. भर दिवसा कुणी कादंबरी वाचत बसलेला दिसला, तर आपण म्हणतो, "याला काही कामधंदा दिसत नाही." मीही जन्मभर असेच म्हणत आलो. पण वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी या दोन्ही रिकामपणाच्या गोष्टी माझ्या गळ्यात पडल्या, आणि त्याही पुण्याच्या मंडईत. त्या कशा पडल्या आणि त्यांनी माझ्या घरात काय केले, ते तुम्हांला सांगायचे आहे.

माझे गाव पुरंदर तालुक्यात. थोडी बागायत, थोडी जिराईत. हिवाळ्यात मेथी आणि कोथिंबीर असते. दुपारी उपटायची, जुड्या बांधायच्या, पाणी मारून झाकून ठेवायच्या आणि रात्री गावातल्या चारपाच जणांनी मिळून टेंपो भरायचा. मध्यरात्रीनंतर गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोचायचे. तिथे शेकड्यावर भाव ठरतो. कधी खर्च भागून चार पैसे उरतात, कधी टेंपोचे भाडेही निघत नाही. माल पहाटेपूर्वीच जातो, पण आमच्या टेंपोतल्या सगळ्यांच्या पट्ट्या होऊन टेंपो परत फिरायला नऊ वाजतात. मधले चार तास मी यार्डात पोत्यावर अंग टाकून, चहा पीत आणि भावाला शिव्या देत काढायचो.

माझ्या मेहुण्याचा मंडईत भाजीचा गाळा आहे. तो पहाटे यार्डात खरेदीला येतो. तीन हिवाळ्यांपूर्वी एकदा तो म्हणाला, "दाजी, इथं थंडीत कुडकुडत बसण्यापेक्षा चला माझ्याबरोबर. भाचीला भेटाल तरी." माझी थोरली मुलगी तेव्हा त्याच्याकडे शुक्रवार पेठेत राहत होती. बी. ए. झाली होती आणि पोलीस भरतीची तयारी करीत होती.

मंडईची ती दगडी इमारत तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. मधोमध आठकोनी उंच मनोरा आणि त्याच्या भोवती पसरलेल्या कौलारू पाख्या. १८८६ साली ती उघडली तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे याचे नाव होते. पुढे महात्मा फुल्यांचे नाव दिले गेले. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहिणाऱ्या माणसाचे नाव भाजीबाजाराला मिळाले, हे मला फार योग्य वाटते. आम्ही पोचलो तेव्हा साडेपाच वाजत होते. गाळेवाले कांदेबटाट्याचे ढीग लावीत होते, कोणी गाजरे धूत होते. जिन्यावरून मुलगी खाली आली. पायात बूट, डोक्याला रुमाल.

"एवढ्या अंधारात कुठं निघालीस?"

"पळायला, आप्पा. रोज जाते."

खरे सांगतो, मी तिच्यामागे गेलो तो काळजीने आणि थोडा संशयानेही. बाजीराव रस्त्याने टिळक रस्ता ओलांडून ती सारसबागेसमोरच्या सणस मैदानाकडे निघाली. अंतर फार नाही, पण तेवढ्यात मला धाप लागली. मैदानावर पाहतो तो निम्मा जिल्हा लोटलेला. खेड्यापाड्यांतून आलेली मुलेमुली कुडकुडत अंग मोकळे करीत होती. मुलांची परीक्षा १६०० मीटरची आणि मुलींची ८०० मीटरची. सेकंदासेकंदावर गुण. माझी पोरगी त्या घोळक्यात शिरली आणि पळत सुटली. मी तिला जन्मापासून ओळखतो, पण तिला तसे पळताना मी कधी पाहिले नव्हते.

पुढच्या खेपेला ती म्हणाली, "आप्पा, बसून राहिलात तर जास्त थंडी वाजंल. चला माझ्याबरोबर."

मी म्हणालो, "मी दिवसभर रानात चालतो. मला काय कमी व्यायाम आहे?" हेच उत्तर मी आधी तालुक्याच्या डॉक्टरांनाही दिले होते. त्यांनी रक्तात साखर सांगितली होती आणि रोज भरभर चालायला सांगितले होते.

मुलगी म्हणाली, "रानात तुम्ही वाकता, थांबता, पुन्हा वाकता. त्यानं कंबर मोडती. दम वाढत नाही." मग तिनेच पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारून घेतले, मेहुण्याच्या मुलाचे जुने बूट मला दिले आणि रीत घालून दिली. आधी दहा मिनिटे चालायचे. मग शंभर पावले हळू पळायचे आणि दोनशे चालायचे. पळताना शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल, तर वेग जास्त झाला असे समजायचे. घाम येईपर्यंत स्वेटर काढायचा नाही आणि थांबल्यावर लगेच अंगात घालायचा.

पहिल्या आठवड्यात पोटऱ्या भरून आल्या. दोनतीन आठवड्यांनी मात्र एक नवलच झाले. सारसबागेच्या कडेने पळत होतो. थंडी दहाबारा अंशांची असेल. कान गार, नाक गार आणि आतून मात्र अंग शेकोटीसारखे तापलेले. श्वासाची वाफ पुढे जाई आणि मी तिच्यामागून. उन्हाळ्यात एवढे पळलो असतो तर जीव गेला असता. थंड हवा अंगातली ऊब ओढून घेते, म्हणून हृदयावर ताण कमी येतो आणि तोच माणूस तेवढ्याच दमात लांब जातो. माझ्या एकाएकी ध्यानात आले की गेल्या दहा मिनिटांत मी कोथिंबिरीच्या भावाचा विचारच केला नव्हता. असे माझ्या आयुष्यात कधी घडले होते, ते मला आठवेना.

सारसबागेच्या गणपतीला हिवाळ्यात लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घालतात. त्या दिवशी मी बाहेरूनच हात जोडले. तोही स्वेटरात आणि मीही स्वेटरात.

मैदानावर एक निवृत्त मास्तर येत. वयाने माझ्यापेक्षा मोठे, पण पळायला तरतरीत. त्यांनी मला एक गोष्ट सांगितली ती तुम्हांलाही सांगतो. १९०६ साली पुण्यात डेक्कन जिमखाना निघाला. सर दोराबजी टाटा तिचे अध्यक्ष होते. एकदा तिथल्या शर्यतींत त्यांनी शेतात राबणारी, साधे अन्न खाणारी मुले अनवाणी पळताना पाहिली. त्यांचा वेग पाहून ते थक्क झाले. ही मुले युरोपातल्या धावपटूंच्या फार मागे नाहीत, असे त्यांना दिसले. त्यातूनच १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचा संघ गेला. त्यात बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळाला. बेचाळीस किलोमीटरहून जास्त अंतर त्याने २ तास ५० मिनिटांत तोडले आणि एकोणिसावा आला. मास्तर म्हणाले, "पळणं हे शहरवाल्यांचं फॅड आहे असं म्हणू नका. ते आपलंच आहे. आपण विसरलो." मला ते पटले. १९८३ पासून पुण्याची मॅरेथॉन सुरू झाली तेव्हा मी तरुण होतो. पण ती आपल्यासाठी आहे असे मला कधी वाटलेच नव्हते.

आता कादंबरीकडे येतो. तिच्यातच खरी गोष्ट आहे.

मुलगी त्या वर्षी भरतीत मैदानावरच मागे पडली. थोड्या गुणांनी, पण पडली. इकडे गावी बारामतीकडचे एक स्थळ आले होते. मुलगा नोकरीला, घर बरे. संक्रांतीपर्यंत निरोप द्यायचा होता. भावकीतली मंडळी म्हणू लागली, "पोरगी किती दिवस पळवणार?" कारभारणीलाही तसेच वाटत होते, आणि मी जवळजवळ शब्द देऊन बसलो होतो. मुलीला हे सांगायचे काम माझ्याकडे होते. मी दोन खेपा सांगायचे ठरवून मंडईत आलो आणि दोन्ही खेपा न सांगता परत गेलो.

तिसऱ्या खेपेला पळून आल्यावर तिला मामीबरोबर बाहेर जायचे होते. माझा टेंपो निघायला दीड तास होता. तिने माझ्या हातात एक पातळसे पुस्तक दिले. पुणे नगर वाचन मंदिर हे ग्रंथालय १८४८ सालचे आहे. तिथून तिने ते आणले होते. "बसा वाचत," म्हणाली. पुस्तक होते व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. १९५५ साली निघालेली कादंबरी.

मंडईजवळ लोकमान्यांचा पुतळा आहे. सकाळचे ऊन येईल अशी तिथली एक जागा पाहून मी पोते अंथरले आणि वाचायला बसलो. गाळेवाल्यांनी मला सोडले नाही. पुण्यात 'मंडई विद्यापीठ' म्हणून जे म्हणतात ते उगाच नाही. एकाने विचारले, "दाजी, यंदा दहावीला बसताय का?" दुसरा म्हणाला, "नाही, त्यांची बाहेरून परीक्षा आहे." मी मान वर केली नाही. पहिली पाचसात पाने मन ठरत नव्हते. सवयच नव्हती. पळण्याच्या पहिल्या आठवड्यासारखेच झाले. मग हळूहळू दम बसला.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. औंध संस्थानातला एक तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. वाडी गरीब, माणसे मेंढरांमागे हिंडणारी, पोरांना शाळा नको. एक म्हातारा कारभारी त्याला आधार देतो. मास्तर हळूहळू वाडीचा होतो. कोणाचे पत्र लिही, कोणाचे भांडण मिटव. मग त्याच्या मनात येते की वाडीला एक तालीम असावी. सगळी वाडी राबून ती बांधते आणि उद्घाटनाला स्वतः राजेसाहेब येतात. त्यानंतर दुष्काळ पडतो. मेंढरे मरतात, माणसे जगायला बाहेर पडतात आणि वाडी ओस होते. मास्तरही निघून जातो.

हिच्यात मारामारी नाही, मोठे रहस्य नाही. पण माणसे अशी उभी केली आहेत की वाचताना मला माझ्याच शिवारातली माणसे दिसू लागली. लेखक कुठेही सांगत नाही, हा बरा आणि तो वाईट. तो नुसते दाखवतो आणि आपल्याला विचार करायला मोकळे सोडतो. एका बैठकीत वीसपंचवीस पानेच झाली. मी पुस्तक पिशवीत घालून गावी आणले आणि रात्री मोटारीवर पाणी धरताना लाईट जायची तेव्हा विजेरीच्या उजेडात दोनदोन पाने वाचली. पुढच्या दोन खेपांत संपवली.

संपली त्या दिवशी मी मुलीला म्हणालो, "पोरी, मला एक कळलं नाही. एवढ्या कष्टानं तालीम बांधली. पुढं वाडीच उठली. मग बांधून काय मिळालं?"

ती बुटांच्या नाड्या सोडत होती. वर न बघता म्हणाली, "बांधत होते तेव्हा सगळी वाडी एक झाली होती की, आप्पा. ते काय दुष्काळानं खोटं झालं?"

मी काही बोललो नाही. मला समजले की ती नुसती तालमीबद्दल बोलत नव्हती. तिला स्थळाचे कळले होते, मामीने सांगितले असावे. मी तिच्या पळण्याला एकच माप लावले होते. नोकरी लागली तर पळणे खरे, नाही लागली तर सगळे वाया. मंडईत बसून मीही मंडईसारखाच भाव करीत होतो. पण गेल्या महिन्याभरात मी स्वतः तिच्यामागून पळत होतो. मला त्यातून काय मिळणार होते? ना नोकरी, ना बक्षीस. तरीही आठवड्यातले ते दोन दिवस मी वाट पाहत असे. माझ्यासाठी जे खरे होते ते तिच्यासाठी खोटे कसे?

टेंपोत घाट चढताना मी मनाशी ठरवले. बारामतीकरांना हात जोडून सांगितले, "अजून वर्षभर आमचा विचार नाही." त्यांना राग आला. भावकीत चार दिवस बोलणे झाले. कारभारीण आठ दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. तिची काळजी चूक होती असे मी म्हणणार नाही. पोरीच्या आईला जे दिसते ते बापाला दिसत नाही. मी तिला एवढेच म्हणालो, "एकदा माझ्याबरोबर मंडईत चल आणि तिला पळताना बघ." ती आली. मैदानाच्या कडेला पदर डोक्यावरून घेऊन उभी राहिली. पोरगी समोरून गेली तशी म्हणाली, "माझ्यावर गेली. मी पण अशीच पळायचे, माहेरी." तीस वर्षांच्या संसारात हे मला तिने कधी सांगितले नव्हते. मीही कधी विचारले नव्हते.

तुम्ही विचाराल, पुढे काय झाले? दुसऱ्या वर्षी मुलगी मैदानावर चांगली उतरली, पण लेखी परीक्षेत दोन गुणांनी राहिली. तिने पुन्हा अर्ज भरला आहे. सकाळी मामाच्या गाळ्यावर हिशोब पाहते आणि दुपारी अभ्यास करते. नोकरी लागेल की नाही ते मी आज सांगू शकत नाही. स्थळेही येत आहेत, आता तिला विचारून येतात. तेव्हा मंडईशेजारी मेट्रोचे खोदकाम चालले होते. २९ सप्टेंबर २०२४ पासून तिथून जमिनीखाली गाड्या धावू लागल्या. वरून आम्ही बापलेक आपल्या पायांनी धावतो. यंदा पर्वतीच्या १०३ पायऱ्या न थांबता चढलो.

गावी मी एक नवीन प्रकार सुरू केला आहे. श्रावणात आपल्या घरी पोथी लागते, तशी मी हिवाळ्यात कादंबरी लावतो. रात्री जेवणे झाल्यावर दहा पाने मोठ्याने वाचायची. लाईटची पाळी असेल त्या दिवशी सुट्टी. पहिली अर्थात 'बनगरवाडी'च लावली. माझ्या आईला अक्षर येत नाही, पण सगळ्यांत जास्त बोलते तीच. कारभाऱ्याचे ऐकून म्हणाली, "अशी माणसं आता कुठं राहिली!" आणि मग तिने तिच्या लहानपणच्या दुष्काळाची हकीगत सांगितली. तिनेही ती पूर्वी कधी सांगितली नव्हती. धाकटा मुलगा मोबाइल खाली ठेवून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी त्याने शोधून सांगितले की रिओच्या २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळून दहावी आलेली ललिता बाबर ही माण तालुक्यातल्या मोही गावची, म्हणजे त्याच माणदेशातली. आईने विचारले, "मग तिला पण कोणी तरी पळू दिलं असंल, न्हवं?" सगळे माझ्याकडे बघून हसले.

वाचकहो, तुम्हांला पुण्याला येण्याची गरज नाही. हिवाळा तुमच्या दारात आहे. कालव्याच्या कडेची किंवा शिवेवरची मातीची वाट डांबरी रस्त्यापेक्षा गुडघ्यांना सोसते. उसाच्या भागात बिबट्याचे भय आहे, म्हणून चांगले उजाडल्यावरच बाहेर पडा आणि एकट्याने जाऊ नका. साखर, रक्तदाब किंवा छातीचे दुखणे असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. घरातल्या मुलीला आणि सुनेलाही बरोबर घ्या, लोक चार दिवस बोलतील. कादंबरीसाठी पैसे नसतील, तर जवळचे सार्वजनिक वाचनालय शोधा. कपाटात धूळ खात पडलेल्या चांगल्या कादंबऱ्या तिथे निघतातच. घाईने संपवू नका. पळताना जसा शेजाऱ्याशी बोलता येईल एवढाच वेग ठेवायचा, तसेच वाचताना. दोन पाने वाचावी आणि एखाद्याशी त्यावर बोलावे.

परवा मंडईत माझ्या मेथीला शेकडा काय भाव मिळाला ते मी विचाराल तर सांगीन. पण तेवढ्यासाठी टेंपो थांबलेला असताना, उन्हात पोते टाकून, अंगावर पळून आल्याचा घाम वाळत असताना मी पुढची कादंबरी उघडली. मेहुण्याने गाळ्यावरून ओरडून विचारले, "दाजी, ही कुठली?"

मी म्हणालो, "संपली की देतो. आधी पळून ये."